किडामुंगी नसलेली खोली

१

ज्ञानदा ऐन वैशाखात हिंजवडीला निघाली, तेव्हा तिच्या आईने बर्गनच्या स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून घेतला. बर्गन हे नॉर्वेतलं गाव. तिथे बारा महिने पाऊस, आणि ऊन पडलंच तर लोक कामंधामं टाकून ते बघायला बाहेर येतात. अशा गावात जन्मलेली, वाढलेली मुलगी तीन महिन्यांच्या कामासाठी चार वर्षांच्या जुईलीला काखोटीला मारून पुणे जिल्ह्यात उतरली. नवरा, निषाद, समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, त्यामुळे पोर मागे ठेवायची सोय नव्हती.

कंपनीने दिलेल्या फ्लॅटमध्ये पाण्याचा टँकर येईना, म्हणून तिने शेजारच्या माण गावात अनसूयाबाई नावाच्या घरमालकिणीकडे खोली घेतली. खरं कारण वेगळं होतं. काचेच्या इमारतींना लागून एक अख्खं गाव आहे आणि त्या गावात भाताच्या खाचरांच्या जागी आता भाडेकरू पिकतात, हे तिला जवळून बघायचं होतं. ज्ञानदाला नको तिथे नाक खुपसायची जन्मजात हौस, आणि धंदाही तोच: दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या.

खोली तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. दुपारी पत्रा तडतडायला लागला की आत पोळी भाजून निघेल अशी धग. ज्ञानदाने उपाय शिकून घेतले. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायची, खिडकीला ओली चादर लावायची, माठ दारामागच्या सावलीत ठेवायचा. जुईलीच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं होतं. पोर झोपेतही रडायची.

आणि उन्हाच्या जोडीला किडे. त्यांचे धडे अनसूयाबाईंनी पहिल्याच दिवशी दिले.

"झटकल्याबिगर काय बी अंगाला लावायचं न्हाई, ताई. चप्पल, टावेल, चादर, समदं झटकायचं. पलंग भिताडाला टेकवायचा न्हाई. पायाखाली पान्याच्या वाट्या ठिवा. आन् कुटं बी हात घालायच्या आदी काठी घालायची."

ज्ञानदा अक्षरशः तसं वागली. शिवाय तिने जांभळ्या उजेडाची एक बॅटरी मागवली, कारण त्या उजेडात विंचू हिरवे चमकतात असं तिने वाचलं होतं. वाचलेलं खरं निघालं. दिवेलागणीला ती गच्चीच्या कठड्यावर बॅटरी फिरवायची आणि हिरवे ठिपके दिसले की भीती विसरून जुईलीला दाखवायची. अनसूयाबाईंना या मायलेकींचं काही कळेना. "लोकं इच्चू दिसू नये म्हनत्यात, आन् ह्या बया धुंडाळत्यात," असं त्या शेजारणीला म्हणाल्या.

एका सकाळी जुईलीच्या सँडलमधून, झटकताना, एक बारकासा तांबूस विंचू फरशीवर पडला आणि नांगी उभारून थांबला. अनसूयाबाईंनी खराट्याच्या एका घावात त्याचा निकाल लावला, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"काळा मोटा दिसतो, पर त्यो परवडला. ह्यो तांबडा लई वंगाळ. मोटं मानूस कसंबसं सोसतं, ल्हान पोराचं काय खरं न्हाई."

तेव्हा मात्र ज्ञानदाची हौस फिटली. तिने अनसूयाबाईंचा हात धरला. "मावशी, जिथे विंचू येत नाही अशी एखादी खोली असेल तर द्या. कसलीही असू दे."

अनसूयाबाईंनी मेलेला विंचू खराट्याने दाराबाहेर लोटला. मग म्हणाल्या, "हाय एक."

२

इमारतीच्या मागे, दोन भिंतींमधल्या अरुंद बोळाच्या टोकाला ती खोली होती. घरची शेती होती तेव्हा भात साठवायची कोठी. दगडी भिंती, कौलं, एकच दार आणि वर हातभर झरोका. आत पाऊल टाकलं तशी जुईली "आहा!" म्हणाली. पंखा न लावताही आत गारवा होता. ज्ञानदाने कोपरे बघितले, कौलांखालचे वासे बघितले, काठी घालून फटी तपासल्या. कोळ्याचं जाळंसुद्धा नव्हतं.

"इतकी चांगली खोली रिकामी कशी ठेवलीत?"

"मागं पडती वं. पोरांना रस्त्याकडंची लागती," अनसूयाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच किल्ली दिली.

संध्याकाळी पलंग, त्यावरची मच्छरदाणी, सगळं सामान लावून झाल्यावर ज्ञानदा जुईलीला कडेवर घेऊन दूध आणायला निघाली. दार ओढता ओढता, रिकाम्या खोलीकडे बघून, सवयीने म्हणाली, "येते."

ही सवय आईची. मराठी माणूस जाताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि निरोप देणारा त्याला 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतो. परदेशात मुलीची भाषा पातळ होऊ नये म्हणून आईने हा नियम तिच्याकडून पाढ्यासारखा घोटवून घेतला होता. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं की दारातून परत बोलवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. 'जाते' म्हणणारी माणसं परत येत नाहीत, असं आईचं म्हणणं. ज्ञानदा मग शाळेला, बसला, रिकाम्या घरालासुद्धा 'येते' म्हणू लागली, आणि पुढे जुईलीलाही तिने तेच वळण लावलं. पोर मांजरालाही "ये हं" म्हणून निरोप द्यायची.

अनसूयाबाई बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुनाला म्हनला?"

"कुणाला नाही, मावशी. सवय आहे."

अनसूयाबाईंनी तिच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. "दूध संपल, बिगी जावा," एवढंच त्या म्हणाल्या.

३

जुईलीचं घामोळं आठवड्यात गेलं. पोर दुपारची शांत झोपू लागली. सकाळी ज्ञानदा ऑफिसला जायची तेव्हा अनसूयाबाई जुईलीला आपल्याकडे ठेवून घेत, आणि दुपारी परत आली की ज्ञानदा कोठीतूनच काम करायची. बाहेर बेचाळीस अंशांचा जाळ, डांबर मऊ झालेलं, कुत्री गाड्यांखाली पडलेली. आत मात्र पातळ पांघरूण लागायचं. ऑफिसमधले लोक उन्हाने हैराण झाले होते. त्यांना हे सांगितलं की ते म्हणायचे, जुन्या दगडी बांधकामाची गंमतच वेगळी. ज्ञानदाही तसंच म्हणायची.

पण किडे? गारवा दगडाचा असेल, दगडाला किडे का घाबरतील? विंचवाला तर दगडाची फट म्हणजे माहेर. हा प्रश्न तिला सोडेना.

एके दुपारी तिने गुळाचा खडा घेतला. निम्मा बाहेरच्या पायरीवर ठेवला, निम्मा आत, उंबऱ्यापासून वीतभर. चहा पिऊन येईपर्यंत पायरीवर मुंग्यांची रांग लागली होती. त्या गुळाभोवती फिरत होत्या, काही उंबऱ्यावर चढत होत्या. उंबऱ्याच्या आतल्या कडेशी आल्या की थांबायच्या, मिशा हलवायच्या आणि वळायच्या. आतला गूळ तिथून स्पष्ट दिसत होता. एकही मुंगी उतरली नाही. ज्ञानदा उकिडवी बसून हे किती तरी वेळ बघत राहिली. तिला गंमत वाटत होती, हे कबूल केलं पाहिजे.

एका मुंगीला तिने कागदावर घेऊन आत सोडलं. मुंगी जागच्या जागी एकदा फिरली आणि मग धावत सुटली, गुळाला वळसा घालून, उंबरा चढून थेट बाहेर. मुंगी धावते हे ज्ञानदाने यापूर्वी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

दिवेलागणीला तिने खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर जांभळा उजेड टाकला. विंचू होते. दाराच्या दोन्ही अंगांना, चौकटीपासून ठराविक अंतर सोडून, दगडांच्या फटींत हिरवे ठिपके बसले होते. सगळ्यांची तोंडं बाहेर, बोळाकडे. दाराकडे एकाचंही नव्हतं. तिने बॅटरी विझवली आणि जुईलीला तो खेळ दाखवला नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जुईलीला कडेवर घेऊन बाहेर निघाली. दार ओढलं, कुलूप हातात घेतलं आणि म्हणाली, "येते."

"ये."

ज्ञानदाने कुलूप लावलं आणि चार पावलं गेली. मग थांबली. तिला वाटलं जुईली बोलली. पण जुईलीच्या तोंडात आंब्याची कोय होती आणि ती दोन्ही हातांनी चोखत होती.

आवाज बाईचा होता. मोठा नाही, रागाचा नाही. घरातलं थोरलं माणूस हातातलं काम न सोडता, मान वर न करता म्हणतं, तसं. एखाद्याच्या घरून निघताना किती तरी वेळा ऐकलेलं ते 'ये', इतकं नेहमीचं की आधी खटकलंच नाही.

इमारतीतून आला असेल, तिने स्वतःला सांगितलं. बोळात आवाज घुमतात. वरच्या भाडेकरू पोरांपैकी कुणी फोनवर बोलत असेल. पण वर बाई एकही नव्हती, आणि पोरं भर दुपारी ऑफिसात होती.

एकदा घडलं तर भास, पुन्हा घडलं तर नोंद करायची, हा तिच्या धंद्यातला नियम. तिने दुसऱ्या दुपारी जुईलीला अनसूयाबाईंच्या ओट्यावर बसवलं आणि एकटी परत आली. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो पलंगावर ठेवला. बाहेर येऊन दार लोटलं.

"येते."

"ये," आतून आलं. लगेच, वाटच बघत असल्यासारखं.

तिच्या हातांवर काटा आला. पण त्याबरोबर एक विचित्र आनंदही झाला, चूक सापडल्यावर व्हायचा तोच. तिने इतर शब्द करून बघितले. "नमस्कार" म्हणाली, आत शांतता. नॉर्वेजियनमध्ये निरोप घेतला, शांतता. "कोण आहे?" विचारलं, त्यालाही काही नाही. "येते" म्हटलं की मात्र "ये". 'जाते' म्हणून बघायचं तिच्या मनात आलं, तोंडही उघडलं, पण शब्द ओठाबाहेर पडेना. आईने इतकी वर्षं दाबून धरलेला शब्द तो, असा गंमत म्हणून कसा निघणार?

फोन घेऊन ती ओट्यावर आली आणि रेकॉर्डिंग लावलं. तिचा स्वतःचा आवाज स्वच्छ होता. येते, नमस्कार, येते. मध्ये नुसती दुपार, लांबचा एखादा हॉर्न. उत्तर कुठेच नव्हतं.

तिला हायसं वाटलं. म्हणजे आपल्याच डोक्यात. उन्हाचा परिणाम. पाणी जास्त प्यायला पाहिजे. खात्रीसाठी म्हणून ती पुन्हा बोळात गेली, कोठीचं दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहून तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

"येते," फोन म्हणाला.

"ये," खोली म्हणाली.

५

कुणीही विचारील की मग बाई तिथून निघाली का नाही. उत्तर सोपं आहे. बाहेर बेचाळीस अंश होते, बाहेर तांबडे विंचू होते, आणि आत पोर शांत झोपत होती. ज्या आवाजाने कुणाचं वाकडं केलं नाही, त्याच्यासाठी पोरीला पुन्हा पत्र्याखाली न्यायचं? शिवाय ज्ञानदाला अजून कळून घ्यायचं होतं. ती निघताना 'येते' म्हणत राहिली. कधी सवयीने, कधी मुद्दाम. रोज उत्तर यायचं, आणि रोज ती परतही यायची.

मग जुईली उन्हात जाईना. आधी वाटलं शहाणी झाली. अनसूयाबाईंच्या ओट्यावरून ती हळूच निसटायची आणि कोठीत जाऊन पलंगावर बसायची. जेवायला बोलावलं तर "भूक नाही" म्हणायची. आंबासुद्धा तिने बाजूला सारला. एका संध्याकाळी ज्ञानदाने तिचे पाय कुरवाळले आणि हात मागे घेतला. बर्गनला बर्फात खेळून आल्यावर तिचे पाय असे लागायचे.

थर्मामीटरने जो आकडा दाखवला त्यावर ज्ञानदाचा विश्वास बसेना. तिने दुसरं थर्मामीटर आणलं, त्यानेही तोच दाखवला. जवळच्या मारुंजी गावातल्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं, तिच्या बोटांची नखं दाबून बघितली.

"सगळं गाव उष्माघात घेऊन येतंय आणि तुमची मुलगी गार पडलीये," ते म्हणाले. "एसी फार लावता का?"

"एसी नाहीये."

"मग झोपते कुठे?"

ज्ञानदाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ती खोली सोडा, बाकी काही असो. उद्या असंच राहिलं तर ॲडमिट करावं लागेल. रिक्षात बसल्यावर ज्ञानदाने जुईलीला पोटाशी धरलं. गरम वाऱ्याच्या झोतात पोर कुडकुडत होती. तेव्हा तिचं कुतूहल पार विझलं आणि नुसती भीती उरली. आपण खेळ समजून या लेकराला तिथे निजवलं, या विचाराने तिला रडू आलं.

"जुई, खोलीत कोण असतं गं?"

"ती असते."

"कोण ती? दिसते तुला?"

जुईलीने नाही अशी मान हलवली. "ती वाट बघते. तू येते म्हणतेस ना, म्हणून."

६

अनसूयाबाई पडवीत तांदूळ पाखडत होत्या. ज्ञानदाने जुईलीला त्यांच्या चुलीपाशी, ऊब लागेल अशी बसवलं आणि बाहेर येऊन सरळ विचारलं, "मावशी, त्या खोलीत काय आहे?"

"काय न्हाई."

"मी येते म्हटलं की आतून कुणीतरी ये म्हणतं."

सूप थांबलं. अनसूयाबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. "मला वाटलंच व्हतं. त्या दिवशीच वाटलं. आमी तितनं निगताना तोंड मिटून निगतो, ताई. मयताच्या घरातनं निगताना कोन येतो म्हनतं का?"

ज्ञानदाला हे ठाऊक नव्हतं. आईने नियम शिकवला होता, त्याचा अपवाद शिकवायची वेळच बर्गनमध्ये कधी आली नव्हती.

"कोण गेलंय तिथे?"

"कोन न्हाई वं! माज्या ध्यानात तर कोन न्हाई. सासू बोलायची न्हाई, म्हनून मी बी बोलत न्हाई. तिला कुनी सांगितलं, देव जानं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" अनसूयाबाईंचा आवाज चढला, मग खाली आला. "तुमी शिकल्यासवरल्या, हसला असता. इच्चू नगं म्हनला, पोरीपायी माजा बी जीव खालवर झाला, दिली इच्चवाबिगर खोली. माजी भाची ऱ्हाऊन गेली तितं म्हयनाभर, तिला काय झालं न्हाई. पर ती मुकाट्यानं यायची, मुकाट्यानं जायाची."

ज्ञानदाने त्याच वेळी हिंजवडीतल्या एका हॉटेलात खोली सांगितली. ती दुसऱ्या दिवशी दुपारपासून मिळणार होती. त्या रात्री मायलेकी अनसूयाबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळ झोपल्या. सकाळी ऑफिसला तासाभरासाठी जाणं भाग होतं. लॅपटॉपची बॅग घ्यायला ती कोठीत गेली आणि ओठ घट्ट दाबून, एक शब्द न बोलता, घाईत कुलूपही न लावता बाहेर पडली. मागे काही ऐकू आलं नाही. तिला वाटलं, जमलं.

"मावशी, तिला नजरेआड करू नका," तिने बजावलं.

"न्हाई वं. चुलीपाशीच बसवती, तुमी निर्धास्त जावा."

७

फोन आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"ताई, पोरगी निसटली! मी पान्याला वळले तवर गेली, कोठीत बसलीया. हाका मारून घसा बसला, भाईर येत न्हाई."

"उचलून आणा तिला, मावशी!"

"हुंबऱ्यापतोर गेले," अनसूयाबाई रडत होत्या. "म्होरं पाऊल उचलंना वं. तुमी या."

एकनाथ नावाच्या रिक्षावाल्याने तिला माणपर्यंत कशी आणली, ते त्यालाच ठाऊक. त्याला थांबायला सांगून ती बोळात धावत शिरली. दगड तापून निघाले होते, भिंतीला हात लागला तर चटका बसत होता. अनसूयाबाई बोळाच्या मध्यावर उभ्या होत्या. ज्ञानदा त्यांना ओलांडून पुढे गेली आणि उंबऱ्यात तिचा श्वास धुरासारखा पांढरा दिसला.

उन्हातून आल्यामुळे आधी नुसता अंधार. मग झरोक्यातला उजेड, पलंग, त्यावर सोडलेली मच्छरदाणी. सकाळी ती वर गुंडाळलेली होती. आता चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचली होती. आत जुईली मांडी घालून बसली होती, या बाजूला पाठ करून, अगदी स्वस्थ.

जुईलीच्या शेजारी मच्छरदाणी बाहेर फुगली होती. आतून कुणी पाठ टेकून बसलं की फुगते, तशी. खांदे, त्यांच्या मधली पन्हळ, खाली झुकलेली मान. जाळीच्या पलीकडे काहीच नव्हतं, भिंत दिसत होती. ज्ञानदा बघत असतानाच तो फुगवटा वळला. सावकाश, हाक ऐकून माणूस वळतं तसा. मग जाळी सैल पडली आणि गादी हलकेच वर आली.

ज्ञानदाने मच्छरदाणी ओरबाडून काढली. जुईलीला छातीशी घेतलं तेव्हा गारठ्याने तिचा स्वतःचा श्वास अडकला.

"का आलीस गं इथे? सांगितलं होतं ना?"

"तू येते म्हणाली नाहीस," जुईली म्हणाली. तिचे ओठ निळसर झाले होते, पण आवाज समंजस होता. "ती म्हणाली, आई आता यायची नाही. तू माझ्याजवळ बस."

तेव्हा ज्ञानदाला सगळा घोळ उमगला. रोजचा तिचा 'येते' हा कुणाला तरी दिलेला शब्द होता, आणि कुणीतरी तो खरा धरून बसलं होतं. न बोलता निघून जाणं म्हणजे शब्द तसाच लोंबकळत ठेवणं. तो तोडायचा तर एकच मार्ग होता, आणि तो तिच्या जिभेला जन्मात जमला नव्हता.

पोरीला कवटाळून ती उंबऱ्याबाहेर आली. वळली. दाराच्या काळोखाकडे बघत, सगळं बळ एकवटून म्हणाली, "मी जाते. आम्ही दोघी जातो. परत येणार नाही."

आत काही हललं नाही. ती थांबून राहिली. मग तिच्या लक्षात आलं की खोलीतून आता उलट धग येते आहे. दगडी भिंती, कौलं, सगळं एकदम तापल्यासारखं, इतर कुठल्याही खोलीसारखं. तिच्या पायाजवळून एक मुंगी उंबरा चढली आणि बिनदिक्कत आत उतरली. पाठोपाठ दुसरी. ज्ञानदाला हुंदका फुटला, सुटकेचा. खोली रिकामी झाली होती.

आवाज आला तो खोलीतून नव्हता. उंबऱ्याच्या अलीकडून, अगदी तिच्या खांद्याशी, सुसंस्कृत आणि थोडा संकोचलेला.

"बरं. येते मग."

ज्ञानदाने जुईलीच्या तोंडावर ठेवायला हात उचलला. पण पोरीचं वळण चांगलं होतं. कुणी 'येते' म्हटलं की काय म्हणायचं याची तिला कुणी आठवण करून द्यावी लागत नसे. आईच्या खांद्यावर गाल टेकून, अर्धवट झोपेत, ती लाघवीपणे म्हणाली, "ये हं."

ज्ञानदा पळाली. बोळ अरुंद, दोन माणसांना एकमेकांना ओलांडायचं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. अनसूयाबाई पदर आवरून भिंतीला चिकटल्या आणि त्यांनी दोघींना वाट दिली. बोळाच्या तोंडाशी, रिक्षाच्या अलीकडे, ज्ञानदाने मागे वळून बघितलं.

अनसूयाबाई अजून तशाच उभ्या होत्या. मान खाली, पदर छातीशी गच्च धरलेला, अंग चोरून, पोट आत घेतलेलं. त्यांची नजर हळूहळू सरकत बोळातून पुढे, ज्ञानदाच्या दिशेने येत होती. मगच त्या भिंतीपासून सुट्या झाल्या.